सुटला म्हणजे सुटलाच का?

निलंग्याच्या कोर्टाबाहेर फिर्यादी पक्षाकडून एक प्रश्न हमखास निघतो. साक्षीदार फुटले, आरोपी निर्दोष सुटला आणि आता नवा पुरावा हाती आला, तर पुन्हा केस उभी राहील का? वकील मान हलवतात. त्याच गुन्ह्यासाठी दुसरा खटला नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३०० हे सांगत होते, १ जुलै २०२४ पासून आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३३७ तेच सांगते.

अपील करता येते, पण ते जुन्याच खटल्याचे पुढचे पाऊल असते. पोलिसांनी चालवलेल्या खटल्यात ही किल्ली पूर्वी सरकारकडेच होती. ३१ डिसेंबर २००९ पासून पीडितालाही अपिलाचा हक्क मिळाला. हक्क मिळाला खरा, पण सत्र न्यायालयाच्या निकालाविरुद्ध निलंग्याच्या शेतमजुराने गाठायचे ते औरंगाबाद खंडपीठ!

अपिलाची वाट संपली की काय उरते, हे महाराष्ट्राने देसाईगंजच्या प्रकरणात पाहिले. १९७२ साली एका आदिवासी मुलीने पोलीस ठाण्यातच दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार केली. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोघांना सोडले, नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, असा तो तर्क. वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर, उपेंद्र बक्षी आणि लोतिका सरकार या चौघा कायद्याच्या अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पण तो पुढच्यांसाठी. त्या मुलीचे प्रकरण बंदच राहिले.

मग नियमच सैल करावा का? इंग्लंडने २००३ साली गंभीर गुन्ह्यांत, सबळ नवा पुरावा असल्यास, फेरखटल्याची वाट उघडली. आपल्याकडे ती मागणी करू नये, असे मला वाटते. एकदा सुटलेल्या गरिबाच्या दारात तोच फौजदार तेच कागद घेऊन पुन्हा उभा राहिला, तर त्याला जामीन कोण राहणार? शिवाय ही ढाल दिसते तितकी जाड नाही. राज्यघटनेचे कलम २०(२) खटला होऊन शिक्षा झालेल्याला वाचवते. निर्दोष सुटलेल्याला वाचवतो तो साधा कायदा, आणि साधा कायदा संसद साध्या बहुमताने बदलू शकते.

संताप असेल तर तो पहिल्या खटल्यावर काढावा. पंच ठरलेलेच का असतात, जप्त कपडे वेळेत सीलबंद का होत नाहीत, साक्षीदाराला समन्स तारखेच्या आदल्या रात्री का पोचते, हे प्रश्न निकालानंतर नव्हे, दोषारोपपत्र दाखल होण्याआधी ठाण्याच्या पायरीवर विचारायला हवेत.