तारीख आई-बाबांना माहीत हवी

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला गेलेल्या आई-बाबांना एक प्रश्न विचारून बघा. तुम्हाला इथं कोणत्या तारखेपर्यंत राहायची परवानगी आहे? बहुतेकांकडून उत्तर येतं, "व्हिसा दहा वर्षांचा आहे. बाकी सगळं मुलगा बघतो." यातलं पहिलं वाक्य त्या प्रश्नाचं उत्तरच नाही. दुसरं वाक्य ऐकून मला काळजी वाटते, आणि आजचा लेख त्या काळजीपोटी लिहितो आहे.

पासपोर्टात चिकटवलेला बी-१/बी-२ व्हिसा भारतीयांना सहसा दहा वर्षांचा मिळतो. पण या दहा वर्षांत अमेरिकेच्या दारापर्यंत जाता येतं, एवढाच त्याचा अर्थ. आत घ्यायचं की नाही आणि घेतलं तर किती दिवसांसाठी, हे नेवार्क किंवा शिकागोच्या विमानतळावर खिडकीमागे बसलेला अधिकारी ठरवतो. त्यानं केलेल्या नोंदीला आय-९४ म्हणतात. पर्यटक म्हणून आलेल्याला सर्वसाधारणपणे सहा महिने मिळतात. पूर्वी या नोंदीचा कागद पासपोर्टात टाचून मिळायचा. २०१३ पासून विमानानं येणाऱ्यांना तो मिळत नाही, नोंद संगणकात होते. आता तर अनेक विमानतळांवर पासपोर्टवर शिक्काही मारत नाहीत. म्हणजे ज्या तारखेवर सगळं अवलंबून आहे, ती हातातल्या पासपोर्टात कुठंच दिसत नाही. सीबीपी या सीमा विभागाच्या संकेतस्थळावर नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक घातला की ती दिसते. पैसे पडत नाहीत. पोचल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच ही नोंद उघडून बघा, छापून घ्या आणि पासपोर्टात ठेवा. नावात चूक असेल किंवा मुदत अपेक्षेपेक्षा कमी पडली असेल, तर ते वेळेवर कळतं आणि सीबीपीच्या कार्यालयाकडे दुरुस्ती मागता येते. हेच पाचव्या महिन्यात कळलं तर घरात धावपळ सुरू होते.

त्या तारखेपुढे एक दिवस जरी जास्त राहिलात, तरी दहा वर्षांचा तो व्हिसा कायद्यानं रद्दबातल होतो. पुढचा व्हिसा मायदेशी येऊन नव्यानं मागावा लागतो आणि झालेला प्रकार अर्जात लिहावा लागतो. १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा मुक्काम झाला आणि मग देश सोडला, तर तीन वर्षं प्रवेशबंदी. वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर दहा वर्षं. १९९६ च्या कायद्यानं आलेल्या या बंद्या आजही लागू आहेत. सत्तरीतल्या आजीला दहा वर्षांची बंदी झाली, तर नातवंडाच्या घरी तिचं जाणं तिथंच संपलं असं धरायला हवं.

आता मुक्काम लांबतो कशामुळं, ते पाहू. आपल्याकडच्या आई-बाबांची पहिली लांब फेरी बहुतेक वेळा बाळंतपणासाठी होते. अमेरिकेत केंद्रीय कायद्यानं आईला मिळते ती १२ आठवड्यांची रजा, तीही बिनपगारी आणि ५० किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या ठिकाणीच. हा कायदा १९९३ चा. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया अशा काही राज्यांनी पगारी रजेची सोय केली आहे, सगळ्यांनी नाही. भारतात २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. तान्ह्या बाळाच्या पाळणाघराचा खर्च तिथं पगाराचा मोठा वाटा खातो. त्यामुळं आधी मुलीचे आई-वडील सहा महिने, ते निघाले की सासू-सासरे सहा महिने, असा क्रम लागतो. एडिसनपासून बे एरियापर्यंत कितीतरी मराठी घरांत मुलाचं पहिलं वर्ष असंच निभतं. यामागची माया खरी आहे आणि गरजही. पण मधल्या सहा महिन्यांचा जोड जिथं जमत नाही, सासू-सासऱ्यांची तब्येत बरी नसते किंवा त्यांना व्हिसाच मिळत नाही, तिथं आधी आलेल्यांना थांबवून घेतलं जातं. मुदतवाढीचा विषय निघतो तो इथं.

त्याआधी विमानतळावरच्या प्रश्नाबद्दल बोलू. निघण्याआधी मुलं फोनवर पढवतात, "बाबा, तुम्ही फक्त फिरायला आलोय म्हणा. बाळाचं काही बोलू नका." हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. मुलीचं बाळंतपण आहे, नातवंडाला बघायला आलोय, अमुक तारखेला परत जाणार आहोत, हे खरं उत्तर आहे आणि तेवढं पुरतं. आजी-आजोबांनी नातवंडाला मांडीवर घ्यायला कुणाची हरकत नाही. मोबदला घेऊन कुणाचंही मूल सांभाळणं मात्र चालत नाही, मग ते शेजारच्या मराठी कुटुंबाचं असलं तरी. आणि अधिकाऱ्यासमोर महत्त्वाच्या गोष्टीत जाणूनबुजून खोटं बोलल्याचं सिद्ध झालं, तर त्याची बंदी कायमची असते, तीन किंवा दहा वर्षांची नव्हे. लेकानं सांगितलं म्हणून बोललो, हा बचाव तिथं चालत नाही. दोघांच्या नोकऱ्या चालाव्यात म्हणून आईनं वर्ष-दीड वर्ष तिथंच राहायचं, असं घरात ठरलेलं असेल, तर पर्यटक व्हिसा त्यासाठी नाही. मुलांनी आधी तो बेतच बदलायला हवा.

व्हिसा मिळवतानाही हेच. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखतीला जाताना लोक मालमत्तेची कागदपत्रं, मुदत ठेवींच्या पावत्या, मुलाच्या पगाराच्या स्लिपा अशी जाडजूड फाइल घेऊन जातात. अधिकारी त्यातलं फारसं काही बघत नाही. १९५२ च्या इमिग्रेशन कायद्याचं २१४(ब) हे कलम सांगतं, की समोरचा माणूस कायमचा राहायला येतोय असंच आधी गृहीत धरायचं. तसं नाही, हे पटवून द्यायचं काम अर्जदाराचं. दोन-तीन मिनिटांत तो विचारतो: कुणाकडे जाता, किती दिवस, परत येऊन काय करणार. मुलाखत मराठीतूनही देता येते, म्हणून पाठ केलेल्या इंग्रजीच्या मागे लागू नका. डीएस-१६० हा अर्ज एजंटानं किंवा मुलानं भरला असला, तरी सही होण्याआधी स्वतः वाचा. त्यात तीन महिने लिहिले असतील आणि तोंडातून सहा निघाले, तर शंका तिथंच येते. शुल्क १८५ डॉलर आहे आणि नकार आला तर परत मिळत नाही. पूर्वी ७९ वर्षांवरच्यांना मुलाखतीतून मिळणारी सूट २ सप्टेंबर २०२५ पासून काढून घेतली आहे. ऐंशीच्या आजोबांनाही प्रवास करून मुंबईला यावं लागणार, हे धरूनच तारीख घ्या.

मुदतवाढीचा अर्ज म्हणजे आय-५३९. तो यूएससीआयएस या विभागाकडे अमेरिकेत असतानाच करायचा असतो. १ एप्रिल २०२४ पासूनच्या दरानं ऑनलाइन अर्जाला ४२० आणि कागदी अर्जाला ४७० डॉलर लागतात. नवरा-बायको एकत्र असतील तर एकाच अर्जात दुसऱ्याचं नाव पुरवणी फॉर्मनं जोडता येतं. एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने मागता येतात. अर्ज आय-९४ ची तारीख उलटण्याआधी पोचलाच पाहिजे. आणखी थांबायचं कारण काय, या काळातला खर्च कोण करणार, परत कधी जाणार आणि भारतात घर, पेन्शन, माणसं अशी बांधिलकी काय, हे त्यात कागदांसह दाखवायचं असतं. पासपोर्टाची मुदतही तोवर शिल्लक हवी.

कारण खरं असावं, आणि ते पहिल्यांदा येताना ठाऊक नसलेलं असावं. आजोबांचं हाड मोडलं, बायपास करावी लागली, डॉक्टरांनी विमानप्रवास नको म्हटलं, बाळ वेळेआधी जन्मलं आणि रुग्णालयात राहिलं. अशा कारणांना डॉक्टरांचं पत्र जोडलं की अर्ज भक्कम होतो. पाळणाघरात जागा मिळाली नाही, हे कारण दमदार नाही. ते फिरवून लिहिणं त्याहून वाईट, कारण अर्ज खोटा निघाल्यास शिक्षेस पात्र राहू, या प्रतिज्ञेखाली आईची सही असते.

वेळेत आणि मनापासून केलेला अर्ज प्रलंबित असेपर्यंतचे दिवस बेकायदा मुक्कामात धरले जात नाहीत. हा मोठा दिलासा. पण निर्णयाला महिने लागतात. पुष्कळदा आई-बाबा परत येतात आणि उत्तर त्यानंतर येतं. नकार तिथं असतानाच आला आणि आय-९४ ची तारीख आधीच उलटली असेल, तर दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू होते. मग बॅगा भरून निघायचं, नकार कसा फिरवता येईल याची चर्चा घरात करत बसायचं नाही. ज्या तारखेपर्यंत मागितलं ती आली आणि उत्तर आलं नसेल, तरीही निघणंच शहाणपणाचं. अर्जाची पावती जन्मभर जपून ठेवा. पुढच्या फेरीला विमानतळावर विचारलं, की मागच्या वेळी सहा महिन्यांवर का राहिलात, तर तीच दाखवायची असते.

"चार दिवस टोरांटोला जाऊन येऊ, नवे सहा महिने मिळतील," असं सांगणारे तिथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात भेटतात. कॅनडाहून थोड्या दिवसांत परतणाऱ्याला अधिकारी जुन्याच तारखेपर्यंत आत घेऊ शकतो आणि अनेकदा तसंच करतो. शिवाय कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. मुदत वाढवण्याचा मार्ग म्हणून ही सहल आखू नका. तसंच सहा महिने राहून भारतात दीड महिना काढायचा आणि पुन्हा जायचं, हेही टाळा. दोन फेऱ्यांत किती अंतर हवं याचा आकडा कायद्यात नाही. पण तिथं राहिलात त्यापेक्षा जास्त काळ भारतात राहून मग जाणाऱ्याकडे सहसा कुणी संशयानं बघत नाही.

थांबायचं ठरवताना घरच्या बाजूचा विचार कुणी करत नाही. औषधं सहा महिन्यांचीच नेलेली असतात. रक्तदाबाची नेहमीची गोळी लिहून घ्यायलाही तिथल्या डॉक्टरकडे पैसे मोजून जावं लागतं. पाहुण्यांसाठीचा विमा ठरलेल्या तारखेला संपतो आणि तो संपण्याआधीच वाढवावा लागतो. जुन्या आजारांचा खर्च त्यातले बरेचसे विमे देत नाहीत, दिला तर अचानक उद्भवलेल्या त्रासापुरताच. नोव्हेंबरात पेन्शनरांचा हयातीचा दाखला असतो. 'जीवन प्रमाण' आता मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतं, वकिलातीतूनही दाखला करून घेता येतो, पण निघण्याआधी बँकेत एकदा विचारून ठेवावं. आणखी एक गोष्ट मुलांच्याही लक्षात नसते. या वर्षीचे सगळे दिवस, गेल्या वर्षीच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाचा एक षष्ठांश ही बेरीज १८३ झाली, की अमेरिकेचं कर खातं पर्यटकालाही रहिवासी धरू शकतं. चालू वर्षातले दिवस १८३ पेक्षा कमी असतील, तर घरदार भारतात असल्याचं ८८४० क्रमांकाच्या फॉर्मवर दाखवून सूट मागता येते. दरवर्षी पाच-सहा महिने जाणाऱ्यांनी हा हिशेब करायलाच हवा.

एवढं सगळं सांगितलं, तरी माझ्या मनात सर्वांत वर आहे ती आई-बाबांची स्वतःची इच्छा. मुलगी विचारते, "आई, तू अजून थोडे दिवस राहशील ना?" आई "हो" म्हणते, कारण लेकीला नाही म्हणणं तिच्यानं होत नाही. गाडी चालवता येत नाही, बाहेर बर्फ आहे, दिवसभर बोलायला दोन महिन्यांचं बाळ. बाबांना घरची सकाळची फिरायची मंडळी आठवतात. परत जावंसं वाटतं, हे दोघंही एकमेकांना सांगतात, मुलांना सांगत नाहीत. मुदतवाढीचा अर्ज संगणकावर मुलगा भरतो, मुदत त्याला पाठ असते, लॉग-इन त्याच्याकडे असतं. पण पासपोर्ट आईचा, सही आईची, आणि उद्या बंदी आली तर तीही आईवरच. म्हणून मुलांनो, अर्ज भरण्याआधी आई-बाबांना समोर बसवा. अर्जात काय लिहिलंय ते मराठीत समजावून सांगा. आणि तुम्हाला खरंच राहायचंय का, हे विचारून त्यांना नाही म्हणायला मोकळीक द्या.

माझ्या मते सहा महिने पुरेसे आहेत. मुदतवाढ आजारपणासारख्या अडचणीसाठी राखून ठेवावी. ती मागायची असेल तर आय-९४ ची तारीख येण्याच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करा, असं यूएससीआयएसच सांगतं. मागायची नसेल तर परतीचं तिकीट त्या तारखेच्या आठ-दहा दिवस आधीचं काढा, कारण विमान रद्द झालं, वादळ आलं किंवा ताप आला तरी हाताशी दिवस राहतात.