मृद्वीकापाकाची साक्ष

रुची हे वर्गीय मिरासदारीचेच दुसरे नाव आहे, हे विधान मराठी समीक्षाव्यवहारात एखाद्या सिद्धांताच्या थाटाने वावरताना दिसते. आस्वाद, रसिकता, परिपक्वता ह्या संज्ञा उच्चारताच त्यांमागील सत्तासंबंध उघडे पाडावेत, एवढेच समीक्षेचे कार्य उरले आहे, असा ह्या पक्षाचा आग्रह असतो. त्याला आयते सापडणारे उदाहरण म्हणजे जुन्या फ्रेंच लाल वाइनचा जाणकार. प्याला तिरपा धरून रंग न्याहाळणारा आणि 'देवदार, तंबाखू, ओला पालापाचोळा' असे पुटपुटणारा हा गृहस्थ एकदा हास्यास्पद ठरवला, की कवितेचा आस्वादकही आपोआप हास्यास्पद ठरतो, अशी ही युक्तिवादाची रीत आहे. तेव्हा हे उदाहरणच तपासून पाहणे न्याय्य ठरेल. तपासणीअंती ते प्रतिपक्षाच्या विरुद्ध साक्ष देते, असे दिसून येते.

बोर्दो प्रदेशातील पोइयाक परिसरात प्रामुख्याने काबेर्ने सोव्हिन्यों ह्या जातीच्या द्राक्षांपासून होणारी उत्तम लाल वाइन कोवळ्या वयात सुखद नसते. द्राक्षांच्या साली-बियांतून उतरलेल्या टॅनिनांमुळे ती कच्च्या सुपारीसारखी तुरट लागते. हिरड्या आवळल्यासारख्या होतात. रंग जांभळट-काळा आणि गंध मुख्यतः फळाचा असतो. बाटलीत काळाच्या ओघात टॅनिने व रंगद्रव्ये परस्परांशी संयोग पावतात आणि त्यांचा काही अंश गाळरूपाने तळाशी बसतो. दहा-वीस वर्षांनी, श्रेष्ठ वर्षाच्या वाइनबाबत तर त्याहूनही अधिक काळाने, प्याल्याच्या कडेला रंग विटकरी दिसू लागतो आणि तुरटपणा मऊ होतो. फळाचा गंध मागे सरून देवदाराचे लाकूड, तंबाखू, चामडे, अळंबी, पावसानंतरची वनभूमी अशा गंधांना वाट देतो. फ्रेंचमध्ये ह्या अवस्थेस 'आपोजे', म्हणजे शिखर, म्हणतात. ते काही काळ टिकते आणि मग ओसरते. फळ निघून जाते, आम्लता तेवढी उघडी पडते. बाटली केव्हा काढावी हे दिनदर्शिका सांगत नाही. एकाच मळ्याच्या, एकाच वर्षाच्या दोन जुन्या बाटल्याही बुचामुळे आणि साठवणीमुळे भिन्न निघतात. शिखर आले होते की नाही, हे बाटली उघडल्यावरच कळते. म्हणजे येथे आस्वादकाला निर्णय घ्यावा लागतो आणि तो चुकू शकतो. जो निर्णय चुकू शकतो, त्याला निव्वळ लहर म्हणता येत नाही.

परिपाकाची ही कल्पना भारतीय काव्यशास्त्राला परकी नाही. मराठीत 'द्राक्षापाक' म्हणजे तोंडात टाकताच रस देणारी सुबोध रचना, हा अर्थ रूढ आहे. त्याला उत्तरकालीन शास्त्रकारांचा आधारही आहे. परंतु नवव्या-दहाव्या शतकांच्या संधिकाळातील राजशेखराने 'काव्यमीमांसे'त जे नऊ पाक सांगितले, त्यांची मांडणी वेगळी आहे. तेथे प्रत्येक पाकाला आरंभ आणि परिणाम अशी दोन टोके आहेत. निंबपाक दोन्ही टोकांना अस्वादु, नारिकेलपाक दोन्हींकडे स्वादु, तर सुपारीचा पाक आरंभी स्वादु आणि परिणामी अस्वादु. मृद्वीका म्हणजे द्राक्षच. तिचा पाक मात्र आरंभी अस्वादु आणि परिणामी स्वादु असा सांगितला आहे. राजशेखराच्या मनात बोर्दोची वाइन असण्याचा प्रश्नच नाही. पण रुचीच्या व्याख्येत त्याने काळाला जागा दिली, ही गोष्ट महत्त्वाची आहे. 'द्राक्षापाक' ह्या शब्दाच्या रूढ वापरातून नेमका हा काळच गळून पडला आहे.

पाश्चात्त्य विचारातही तो दोन मार्गांनी गळाला. कांटने १७९० मध्ये कॅनरी वाइनचे उदाहरण देऊन जिभेची रुची 'मला सुखद' एवढ्या खाजगी विधानात बंद केली आणि सौंदर्यनिर्णयाच्या प्रांतातून तिला हद्दपार केले. बुर्द्यूच्या 'ला दिस्तांक्सियों' (१९७९) ह्या ग्रंथाने रुचीभेदांमागील सामाजिक रचना दाखवून मोठे काम केले. पण त्याचा आधार घेणाऱ्यांनी ती रचना म्हणजेच रुची, असे समीकरण मांडले. एका मताने रुची व्यक्तीच्या खात्यावर गेली, दुसऱ्याने वर्गाच्या. दोहोंतही प्याल्यातील वस्तू नाहीशी झाली. ह्याउलट ह्यूमने १७५७ च्या निबंधात 'डॉन किहोटे'तील एक कथा वापरली होती. दोन जाणकारांपैकी एकाला पिंपातील वाइनमध्ये चामड्याची, दुसऱ्याला लोखंडाची चव लागली. लोक त्या दोघांना हसले. पण पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली सापडली. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरतही रसाची उपपत्ती अन्न चाखणाऱ्या सुमनस् माणसाच्या दृष्टांताने सांगतो. जीभ ही ज्ञानाचे साधन होऊ शकते, हे दोघांनाही मान्य आहे.

ह्यावर प्रतिपक्षाचा हुकमी पुरावा असतो तो २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाचा. बोर्दो येथील वाइनविद्येच्या ५४ विद्यार्थ्यांना लाल रंग मिसळलेली पांढरी वाइन देण्यात आली, आणि तिच्या गंधाचे वर्णन त्यांनी लाल वाइनच्या शब्दांत केले. परंतु ह्यातून सिद्ध होते ते एवढेच, की डोळा नाकाला फसवतो आणि रूढ शब्द अनुभवाच्या पुढे धावतात. फसवणूक झाली असे म्हणताच खरे काय होते, हे गृहीत धरावे लागते. वाइन-वाइनमध्ये भेद नसता, तर फसवणुकीलाही अर्थ उरला नसता.

त्याहून बोलके आहे ते पॅरिसमधील परीक्षण. २४ मे १९७६ रोजी तेथे बोर्दोच्या चार आणि कॅलिफोर्नियाच्या सहा लाल वाइन नावे झाकून चाखण्यात आल्या. ज्यांचे गुण धरले गेले ते नऊही परीक्षक फ्रेंच होते. पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाच्या १९७३ सालच्या वाइनला मिळाला. रुची म्हणजे केवळ प्रतिष्ठेचे आणि हितसंबंधांचे प्रतिबिंब असते, तर ह्या नऊ जणांच्या जिभांनी स्वतःच्याच प्रतिष्ठेविरुद्ध कौल कसा दिला? पुढे आक्षेप आला, की बोर्दोच्या वाइन अद्याप परिपक्व झाल्या नव्हत्या. काळ त्यांचा न्याय करील. आक्षेप रास्त होता, कारण तो मृद्वीकापाकाचाच होता. तीस वर्षांनी, २४ मे २००६ रोजी, त्याच वाइन पुन्हा चाखल्या गेल्या, तेव्हा पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाकडे गेले. परिपक्वतेचा दावा करणाऱ्यांचा पराभव परिपक्वतेच्याच कसोटीवर झाला. परंपरेला नमवण्याचे सामर्थ्य रुचीत असते, ते असे.

अर्थात, अशी बाटली कोणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न टाळता येत नाही. तळघरे मोजक्यांची आहेत. साहित्याची तळघरेही दीर्घकाळ मोजक्याच जातींच्या ताब्यात होती. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला तेव्हा प्रस्थापित रुचीला तो कडू लागला. परंतु ह्या इतिहासाचा निष्कर्ष कोणता काढायचा? रुची खोटी असते, हा की ती अपुरी होती आणि तिला शिकावे लागले, हा? पहिला निष्कर्ष स्वीकारला, तर 'गोलपिठा' श्रेष्ठ आहे असे म्हणण्याचा अधिकारही संपतो; उरते ते केवळ एका गटाने दुसऱ्या गटाविरुद्ध केलेले मतदान. ढसाळांच्या कवितेला एवढ्या स्वस्त न्यायाची गरज नाही. ती आरंभी अस्वादु वाटली आणि वाचकाची जीभ बदलून स्वादु ठरली.

ह्या वादात नुकसान होते ते पदव्युत्तर वर्गात बसलेल्या, घराण्यातून प्रथमच विद्यापीठात आलेल्या विद्यार्थ्याचे. एका पिढीने त्याच्या पूर्वजांना तळघराबाहेर ठेवले. दुसरी पिढी त्याला सांगते, की आत काही नव्हतेच. कठीण पाठ्य पुन्हा पुन्हा वाचण्याचे, पहिल्या घोटाला तुरट लागणाऱ्या ओळीपाशी थांबण्याचे, मग स्वतःचा निर्णय देऊन तो चुकण्याचे शिक्षण त्याला नाकारले जाते, आणि तेही मुक्तीच्या नावाने. कोल्ह्याला द्राक्षे आंबट, ही म्हण हात न पोचणाऱ्यावर हसते. कुंपण घालणाऱ्याचा दोष ती सांगत नाही, ही तिची उणीव मान्य करावी लागेल. पण कुंपण मोडण्याऐवजी द्राक्षे आंबटच होती असे शिकवणाऱ्या समीक्षेला क्रांतिकारक म्हणता येणार नाही.