सोनारानेच कान टोचले!

बिनतारी संदेशाला भिंतींचा मोठा जाच. लहरी भिंतींवर आपटतात, निरनिराळ्या वाटांनी येतात, एकमेकींत मिसळतात आणि संदेशाचा काला होतो. भिंत म्हणजे वैरीण, असेच बहुतेक इंजिनीअर मंडळी धरून चालली होती. त्यांचे कान टोचले ते एका ‘सोनारा’ने!

हा सोनार म्हणजे पाण्याखालचा आवाज टिपून पाणबुडीचा माग काढणारे यंत्र. आपल्या नौदलासाठी ते घडविणारे आरोग्यस्वामी पॉलराज पुढे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. तेथे १९९२ साली, पुण्यात जन्मून पुण्यातच इंजिनीअर झालेल्या थॉमस कैलाथ यांच्यासह, त्यांनी एका युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला. अनेक अँटेनांनी एकाच लहरीवर वेगवेगळे संदेश एकदम धाडावेत आणि पलीकडच्या अनेक अँटेनांनी ते गणिताने निवडून घ्यावेत. पंगतीच्या गलबल्यात आई आपल्या पोराची हाक ओळखते ना, तसे! भिंतींमुळे प्रत्येक संदेशाची वाट निराळी होते, म्हणून तर ही निवड साधते. वैरीणच कामास आली!

आज घरचे वाय-फाय आणि मोबाइल याच युक्तीने वेग घेतात. आपण मात्र शेजाऱ्याच्या भिंतीला कान लावण्यापलीकडे तिचा उपयोग अजून केलेला नाही.