घरमालकाचे कर्तव्य
५ सप्टेंबर २०२२ रोजी सकाळी लखनौच्या हजरतगंज भागातील एका हॉटेलास आग लागून चार जण मृत्युमुखी पडले. खिडक्यांच्या लोखंडी गजांमुळे आत अडकलेल्यांना बाहेर काढणे कठीण झाले. चोरांसाठी बसविलेले गज असे घरच्यांच्याच जिवावर उठतात.

महाराष्ट्रात २००६ च्या अधिनियमान्वये, इमारतीची अग्निशमन व्यवस्था सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र मालकाने वा भोगवटादाराने दर जानेवारीत व जुलैत सादर करावयाचे असते. परंतु नुसत्या कागदाने आग विझत नाही. त्याच दिवशी पंप चालवून पाहावा, नळीस पाणी येते की नाही याची खात्री करावी, जिन्यातील अडगळ हलवावी आणि गजांत आतून उघडणारे दार ठेवावे. भाडे घेणाऱ्याने भाडेकरूच्या जिवाची काळजीही घ्यावयास हवी.