मिशी काढली की नवरा अनोळखी?

आदित्य चोप्रांच्या ‘रब ने बना दी जोडी’त (२००८) अमृतसरच्या वीज कंपनीतला सुरिंदर साहनी मिशी उतरवतो, चष्मा काढतो, घट्ट जीन्स चढवतो आणि त्याच्याच घरात राहणारी बायको त्याला ओळखत नाही. आमच्या घरी यावर रीतसर भांडण झालं होतं. “सिनेमा आहे, चालायचंच,” हा आईचा निकाल. आता चालायचंच हे मलाही मान्य आहे. प्रेमकथेत योगायोग नकोत, असं म्हणणाऱ्याने अर्थसंकल्प वाचत बसावं. माझी तक्रार गोष्टीबद्दल नाहीच, ती नटाच्या निवडीबद्दल आहे.

शाहरुख खानने सुरिंदर मन लावून केला, खांदे पाडले, आवाज खाली आणला. तरी त्या मिशीमागे आपल्याला पहिल्या फ्रेमपासून शाहरुखच दिसतो. म्हणजे हजार माणसांच्या थिएटरला जो ओळखू येतो, तो फक्त बायकोला येत नाही! शिवाय आपण वाट बघत असतो ती हा गरीब कारकून संपून ‘राज’ कधी येतो याची. इथे कारकून हेच सोंग आहे.

नेमकं याच्या उलट याच चोप्रा घराण्यात आधी घडून गेलं होतं. आदित्यचे थोरले काका बी. आर. चोप्रा यांनी निर्मिलेला आणि बासू चटर्जींनी दिग्दर्शित केलेला ‘छोटी सी बात’ (१९७६) आठवा. गोष्ट तशी तीच, बुजऱ्या नोकरदाराचं रूपांतर. ती मूळची इंग्रजी, ‘स्कूल फॉर स्काउंड्रल्स’ची (१९६०). आणि शक्याशक्यतेचं म्हणाल तर ती सुरिंदरच्या मिशीला लाजवेल. खंडाळ्यात एक निवृत्त कर्नल बंगल्यात बसून तरुणांना प्रेमाचे डावपेच शिकवतो, हे खरं वाटावं? वाटतं, कारण कर्नल अशोककुमार आहेत. ते इतक्या सहज बोलतात की पत्ता विचारून आपणही खंडाळ्याला जावं असं वाटू लागतं.

अमोल पालेकर तर बँक ऑफ इंडियात खरोखरच नोकरी केलेला माणूस. बेस्टच्या रांगेत उभा केला तर मागचा प्रवासी त्याला “जरा पुढे सरका” म्हणेल, असा चेहरा. खंडाळ्याहून परतलेला अरुण चायनीज हॉटेलात चॉपस्टिक्स चालवून नागेशला, म्हणजे असरानीला, गार करतो, तेव्हा आपल्याला धाकधूक असते की याच्या हातून नूडल पडणार! इथे हिरो हेच सोंग आहे. आणि विद्या सिन्हाची प्रभा त्याला बघताक्षणी ओळखते. बदललेली चाल बघून चकित होते, एवढंच.

एक गोष्ट मात्र ‘छोटी सी बात’च्या चाहत्यांना ऐकायला आवडणार नाही. पूर्वार्धात अरुण रोज प्रभाच्या मागे मागे जातो. बस स्टॉपपासून ऑफिसपर्यंत, एक शब्दही न बोलता. पटकथा एवढी कागदावर लिहा आणि तिथे पडद्यावरच्या खलनायक रणजितचं नाव टाका. प्रकरण थेट पोलीस चौकीवर जाईल. पालेकरांच्या निरुपद्रवी चेहऱ्याने आपल्याकडून ते माफ करून घेतलं. प्रभाला ते आवडतंय, ती त्याच्या बोलण्याची वाट बघतेय, हे दाखवून बासूदांनी आपली बाजू सावरून घेतली खरी, पण मुख्य जामीन चेहऱ्याचाच. नटाची निवड गोष्ट पटवण्याचं काम करते, तशी न पटणारं खपवण्याचंही करते.

हल्लीच्या प्रेमकथांत नायक डिलिव्हरी बॉय असतो आणि शर्टाच्या बाह्या दंडावर फाटायला आलेल्या असतात. महिनाभराचा पगार त्या दंडांच्या प्रोटीनवरच गेला असणार. असल्या सिनेमात लेखक कितीही वास्तव लिहो, दंड खोटं बोलतात.

‘रब ने’मध्ये सुरिंदरचा कायापालट करणारा मित्र बॉबी आहे, केशकर्तनालयवाला. तो केलाय विनय पाठकने. आदल्याच वर्षी ‘भेजा फ्राय’मध्ये त्याने साधा, बडबड्या आयकर कर्मचारी असा काही उभा केला होता की तो आपल्या शेजारी राहतो असं वाटावं. हा माणूस सेटवर हजर होता, कात्री हातात घेऊन! तिकीटबारीचं गणित मला कळतं. तरीही माझं मत विचाराल तर सुरिंदर विनय पाठकला द्यायचा होता आणि कात्री शाहरुखच्या हातात.