हाड धरेपर्यंत धीर धरा

दात पडला की कवळी, आणि कवळी परवडली नाही तर हिरडीनेच चावायचे, अशी आपल्या घरांतल्या कितीतरी वडीलधाऱ्या माणसांनी वर्षे काढली. आता इम्प्लांट हा शब्द गल्लीतल्या दवाखान्याच्या पाटीवरही दिसतो. टायटॅनियम धातूचा लहानसा स्क्रू जबड्याच्या हाडात बसवायचा आणि तो पक्का झाला की त्यावर दात चढवायचा, अशी ही पद्धत. या धातूला हाड घट्ट धरून ठेवते, हे स्वीडनचे डॉ. ब्रोनेमार्क यांना १९५२ साली सशांवरील प्रयोगात आढळले. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले.

उपचार महाग आहे. कुणी भिशीचे पैसे लावतो, कुणी पी.एफ.मधून उचल घेतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर घरी काय होते, त्यातले साधे काय आणि धोक्याचे काय, हे घरातल्या सर्वांना ठाऊक असावे. डॉक्टर सूचना देतात तेव्हा रुग्णाचे तोंड बधिर असते आणि मन धास्तावलेले असते. सोबत घरचे एक माणूस न्यावे आणि सूचना त्याने लिहून घ्याव्यात.

पहिला दिवस

भुलीचे इंजेक्शन उतरायला दोन ते चार तास लागतात. तोवर काही चावू नये आणि गरम चहा पिऊ नये. ओठ किंवा गाल चावला, भाजला, तरी कळत नाही. जखमेवर ठेवलेली कापसाची किंवा जाळीची घडी अर्धा-पाऊण तास दाबून धरावी. सारखी काढून पाहू नये.

दिवसभर थुंकी गुलाबी येते. घाबरण्याचे कारण नाही, थोडे रक्त लाळेत मिसळले की पुष्कळ दिसते. मात्र थुंकू नये, चूळ भरू नये, नळीने ओढून काही पिऊ नये. जखमेवर धरलेली रक्ताची गुठळी हेच तिचे झाकण असते आणि ओढ बसली की ते निघते. रक्त पुन्हा वाहू लागले तर स्वच्छ जाळीची ओली घडी अर्धा तास दाबून धरावी. तरीही थांबले नाही तर दवाखाना गाठावा.

आपल्याकडे दुखले की गरम शेक देण्याची सवय आहे. पहिल्या दिवशी ती आवरावी. बर्फ फडक्यात गुंडाळून गालावर बाहेरून दहा-पंधरा मिनिटे ठेवावा, तितकाच वेळ काढावा, पुन्हा ठेवावा. रात्री डोक्याखाली एक उशी जास्त घ्यावी.

सूज तिसऱ्या दिवशी जास्त

पुष्कळजण इथे धसका घेतात. शस्त्रक्रिया सोमवारी झाली आणि गाल बुधवारी-गुरुवारी जास्त फुगला, म्हणजे काही बिघडले असे त्यांना वाटते. पण सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सर्वांत जास्त असते आणि पुढे आठवडाभरात ओसरते. गालावर, हनुवटीखाली निळे-पिवळे डाग पडू शकतात. तोंड पुरते उघडत नाही. हेही हळूहळू जाते.

दुखणे पहिले दोन-तीन दिवस असते आणि रोज थोडे कमी होत जाते. गोळ्या डॉक्टरांनी दिल्या त्याच घ्याव्यात. शेजाऱ्यांकडून उरलेली गोळी मागू नये. अॅस्पिरिन मनाने घेऊ नये, कारण त्याने रक्त वाहते. पण हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी रोज चालू असेल, तर ती मनाने बंदही करू नये. शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांना तिच्याबद्दल सांगावे.

चोवीस तास उलटले की पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर हलकेच तोंड धुवावे. खळखळून चूळ भरू नये. पाणी तोंडात फिरवून सोडून द्यावे. बाकीचे दात रोज घासावेत, जखमेच्या जागी ब्रश लावू नये. टाके विरघळणारे नसतील तर सात ते दहा दिवसांनी काढतात.

जेवण आणि घरकाम

पहिले काही दिवस मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, नाचणीची आंबील, दही, केळे, मऊ अंडे असे थंड किंवा कोमट खावे. भाकरी दुधात किंवा पातळ वरणात कुस्करून चालते. तिखट रस्सा, चिवडा, शेंगदाणे, तीळ नकोत. बारीक कण जखमेत अडकतात. चावायचे ते दुसऱ्या बाजूने.

ओझे उचलणे, वाकून काम करणे, जिने चढउतार करणे यांनी रक्त पुन्हा सुरू होते. हमाली, बांधकाम किंवा पाणी भरण्याचे काम असेल तर दोन-तीन दिवसांची सोय आधीच करावी. शस्त्रक्रिया घरातल्या बाईची असेल तर दुसऱ्या सकाळी ती चुलीपुढे वाफेत उभी राहणार नाही, हे नवऱ्याने आणि मुलांनी पाहावे. खिचडी कुणालाही लावता येते.

बरे वाटते तेव्हाच जपा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दोन आठवड्यांत हिरडी भरते, दुखणे जाते आणि माणूस म्हणतो, झाले. पण हाडाचे काम तेव्हा कुठे सुरू झालेले असते. बसवताना स्क्रू आट्यांच्या जोरावर घट्ट असतो. पुढे आजूबाजूचे जुने हाड विरघळून नवे तयार होऊ लागते, आणि या अदलाबदलीत तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास पकड उलट थोडी सैल होते. नेमके याच दिवसांत दुखत काही नसते, म्हणून लोक त्या बाजूने सुपारी फोडतात, जुनी कवळी दाबून बसवतात. स्क्रू हलला की हाड धरत नाही. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्या जबड्यात चार ते सहा महिने लागतात. कवळी कधी घालायची, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

तंबाखू हा इथला मोठा शत्रू. तिच्यातले निकोटिन हिरडीच्या रक्तवाहिन्या आवळते आणि भरून येणाऱ्या हाडाला रक्त कमी पडते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळले आहे. आपल्या भगिनी मिश्रीला व्यसन मानत नाहीत, दात घासणे समजतात. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि ती थेट हिरडीवरच चोळली जाते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हे सर्वांना माहीत आहे. हाड धरेपर्यंत यातले काहीच नको. सुटले तर कायमचेच सोडावे. मधुमेह असेल तर साखर ताब्यात आणूनच शस्त्रक्रिया करावी आणि नंतरही ती ताब्यात ठेवावी.

केव्हा धावावे

तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर दुखणे किंवा सूज कमी न होता वाढली, ताप आला, पू किंवा घाण वास येऊ लागला, स्क्रू हलतो असे वाटले, वरच्या दातानंतर नाकातून रक्त किंवा पाणी आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. खालचा ओठ किंवा हनुवटी दुसऱ्या दिवशीही बधिर असेल तर लगेच कळवावे. तिथली नस दबलेली असू शकते, आणि त्यात दिवस घालवून चालत नाही. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर रात्र असली तरी थेट मोठे रुग्णालय गाठावे.

दात चढल्यावरही काम संपत नाही. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतालची हिरडी आणि हाड सुजून झिजू शकते, आणि पुष्कळदा ते दुखतही नाही. रोज स्वच्छता आणि सहा महिन्यांनी तपासणी हवीच. स्क्रू कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा, याचे कार्ड डॉक्टरांकडून मागून घ्यावे आणि रेशनकार्डासोबत जपून ठेवावे. पुढे गाव बदलले, डॉक्टर बदलले, तरी त्या कार्डावरून दुरुस्ती करता येते.

आणि ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांनी मन खट्टू करू नये. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तिथे जाऊन आपल्या तोंडाला काय योग्य ते विचारावे. नीट बसवलेली कवळीही भाकरी खाऊ घालते. कर्ज काढून बसवलेला आणि तंबाखूपायी गमावलेला दात मात्र कुणालाच परवडत नाही.