घरी घडवलेल्या रायफलीची चाचणी हवी

अमेरिकेत स्वतःच्या रायफलीवर घरीच काम करण्याची परंपरा जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या लष्करी माउझर रायफली तिथे स्वस्तात मिळू लागल्या आणि असंख्य हौशी लोकांनी कानस आणि पॉलिश पेपर घेऊन त्यांच्या सुबक शिकारी रायफली केल्या. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदुकीची दुरुस्तीसुद्धा करता येत नाही. अमेरिकेचा संघीय कायदा मात्र हा व्यवसाय करणाऱ्याकडेच परवाना मागतो. स्वतःची रायफल सुधारणाऱ्याला, नळी सोळा इंचांहून आखूड करण्यासारखे काही अपवाद सोडले, तर मोकळीक आहे. ती राहावी, कारण आपल्या हातातले यंत्र समजून घेणारा माणूस ते अधिक जबाबदारीने वापरतो. पण नळी, चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) किंवा बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) यांना हात लावलेली रायफल दुसऱ्याला विकण्याआधी तिची त्रयस्थाकडून चाचणी सक्तीची व्हायला हवी.

दस्ता बिघडला तर नेम चुकतो, फार तर लाकूड वाया जाते. चेंबरची गोष्ट वेगळी आहे. शिकारी रायफलीतले थर्टी-ऑट-सिक्स काडतूस उडते तेव्हा आतला दाब दर चौरस इंचाला साठ हजार पौंडांच्या घरात जातो आणि बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा, म्हणजे हेडस्पेस, इंचाच्या काही हजारांश भागांनी वाढली तरी पितळी कवच फाटू शकते. हा फरक गेजशिवाय कळत नाही, आणि पोलादाच्या आतला ठिसूळपणा तर गेजलाही कळत नाही. अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात १९०३ मॉडेलच्या रायफलीचे रिसीव्हर, म्हणजे बोल्ट सामावणारा भाग, तापवताना मुरलेले कारागीर पोलादाच्या रंगावरून तापमान ठरवत. १९१७ मध्ये काही रायफली फुटल्यावर तपास झाला, तेव्हा उपकरणांनी दाखवले की लख्ख उन्हाच्या दिवशी त्यांना योग्य वाटणारा रंग ढगाळ दिवसापेक्षा तीनशे अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त तापलेल्या पोलादाचा असे, आणि अति तापलेले पोलाद ठिसूळ होते. अमेरिकी लष्करातले शस्त्रतज्ज्ञ ज्यूलियन हॅचर यांनी हे सगळे लिहून ठेवले आहे. त्या कारागिरांनी हयगय केली नव्हती. त्यांच्या डोळ्यांना ते कळणेच शक्य नव्हते, मग तळघरात एकट्याने काम करणाऱ्याच्या डोळ्यांवर आपण किती भार टाकायचा?

‘माझी रायफल, माझा धोका’ हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो. पण रायफल माणसापेक्षा जास्त जगते. ती वारसाकडे जाते, विकली जाते, आणि घेणाऱ्याला तिच्यात काय बदलले आहे हे दिसत नाही. चांदमारीच्या मैदानावर शेजारी उभा असलेला माणूसही त्या धोक्याला संमती देऊन आलेला नसतो. खर्चाचा मुद्दा खरा आहे, खेड्यापाड्यातून चाचणी केंद्र दूरही पडेल. म्हणूनच सक्ती फक्त विक्रीच्या वेळी आणि फक्त दाब सोसणाऱ्या भागांपुरती असावी. ब्रिटनमध्ये १८६८ च्या कायद्याखाली लंडन आणि बर्मिंगहॅमची चाचणीगृहे जादा दाबाचे काडतूस उडवून नळी पारखतात आणि तिच्यावर शिक्का मारतात. बदलामुळे बंदूक कमकुवत झाली असेल, तर नव्या चाचणीशिवाय ती विकणे हा तिथे गुन्हा आहे. तरीही ब्रिटिश बंदूककारागिरी बुडाली नाही, उलट तिथल्या जुन्या बंदुका आजही खरेदीदार आधी तो शिक्का पाहूनच घेतात. अमेरिकेत अशी कायदेशीर सक्ती नाही. तिथल्या घरगुती कारागिरांनी स्वतःच ती मागावी, कारण मन लावून केलेल्या कामाला असा शिक्का मिळाला, तर त्याची किंमत बाजारातही वाढेल.